एकाच पीआरमध्ये चार हजार ओळी: नवख्याचं मोठं काम मर्जपर्यंत कसं न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पायथनमधला लहान ओपन सोर्स प्रकल्प, तो सांभाळणारे दोन मेंटेनर. आजवर फक्त एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालणारी ही लायब्ररी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवरही चालावी म्हणून एका विद्यार्थ्याने एकच पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हे बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती) पाठवला आहे. त्यात सुमारे ४,२०० ओळी आणि ६० फाइली आहेत. काम चांगलं वाटतंय, पण वाचून संपत नाही. ‘लहान करून पाठव’ म्हटल्यापासून तीन आठवडे त्याच्याकडून काहीच आलेलं नाही. आता काय करावं?

‘लहान करून पाठव’ ही सूचना बरोबर आहे, पण तिच्यावरून काय करायचं हे नवख्याला कळत नाही. कोड कुठे तोडला तर दोन्ही तुकडे आपापले चालतील हे कळायला प्रकल्पाचा आतला नकाशा डोक्यात लागतो. तो नकाशा तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. म्हणून तोडण्याचा आराखडा मेंटेनरने द्यायचा आणि प्रत्यक्ष तोडणं कॉन्ट्रिब्युटरने, म्हणजे कोड पाठवणाऱ्याने, करायचं. मोठे पीआर बहुतेक वेळा अडकतात ते ही वाटणी उलटी झाल्यामुळे.

त्याच्याही आधी एक निर्णय तुम्हा दोघांना घ्यायचा आहे: हे फीचर आपल्याला हवं आहे का? पुढची पाच वर्षं पोस्टग्रेसचे बग कोण बघणार, दर रिलीजला दोन्ही डेटाबेसवर टेस्ट चालवायची तयारी आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर आजच, कारणासकट, स्पष्ट सांगा. चार हजार ओळी नीट तोडायला नवख्याला दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लागतात. तेवढं करून घेऊन मग नकार देणं हा अन्याय आहे, आणि तो माणूस पुन्हा तुमच्या प्रकल्पाकडे फिरकणार नाही. ‘हो’ असेल तर तेही लेखी सांगा: दिशा मान्य आहे, फक्त आत घेण्याची पद्धत ठरवायची आहे. हे एक वाक्य वाचल्यावर गप्प बसलेली बरीच माणसं परत बोलायला लागतात.

परवान्याची बाबही याच टप्प्यावर उरकून घ्या. लिनक्स कर्नलसारखे प्रकल्प प्रत्येक कमिटवर (बदलांच्या नोंदीवर) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे हा कोड द्यायचा अधिकार असल्याच्या ग्वाहीची, ओळ मागतात, अपाचे फाउंडेशन नियमित योगदान देणाऱ्यांकडून करारपत्र घेतं. तुमच्याकडे यातलं काही नसलं तरी दोन गोष्टी विचाराच: यातला कुठला भाग दुसऱ्या प्रकल्पातून उचलला आहे का, आणि कुठला भाग एआयकडून लिहून घेतला आहे का? जेंटू या लिनक्स वितरणाने २०२४ मध्ये असा कोड घ्यायचाच नाही असं ठरवलं. तुमचं धोरण वेगळं असू शकतं, पण जो भाग लिहिणाऱ्याला स्वतःला समजावून सांगता येत नाही तो भाग पुढे तुम्हाला सांभाळावा लागतो. हा प्रश्न चौकशीच्या सुरात विचारू नका. पाठवणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, तसाच विचारा.

आता तोडायचं कुठे? आकड्यांबद्दल प्रचलित मार्गदर्शन असं आहे: सिस्कोमधल्या रिव्ह्यूंवर (कोडच्या तपासण्यांवर) स्मार्टबेअर या कंपनीने केलेल्या अभ्यासातून एका बैठकीला २०० ते ४०० ओळी ही मर्यादा पुढे आली. गूगलच्या अंतर्गत रिव्ह्यूच्या नियमावलीत १०० ओळी साधारण ठीक आणि १,००० ओळी बहुधा फार, असं म्हटलंय. कर्नलची कागदपत्रं एका वेळी १५ पॅचच्या (बदलांच्या तुकड्यांच्या) आसपास थांबायला सांगतात. हे आकडे माहीत असावेत, पण त्यांच्यावर कात्री चालवू नये. दोन हजार ओळींमध्ये फक्त एका फंक्शनचं नाव बदललं असेल तर ते दहा मिनिटांत तपासून होतं. लॉक किंवा ट्रान्झॅक्शनला (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणाऱ्या क्वेरींच्या गटाला) हात लावणाऱ्या ४० ओळींना अख्खी दुपार जाऊ शकते. कसोटी अशी ठेवा: हा तुकडा एकटा मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळला, आणि पुढचे कधीच आले नाहीत, तरी प्रकल्प आजच्याइतकाच किंवा आजच्यापेक्षा बरा राहील का?

ही कसोटी तुमच्या उदाहरणाला लावून बघा. एसक्यूलाइटसाठी लिहिलेल्या कोडमध्ये ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ (नवी ओळ घाल, आधीची असेल तर तिच्या जागी घाल) बहुधा जागोजागी असेल. पोस्टग्रेसला ते कळत नाही, तिथे ‘इन्सर्ट’च्या पुढे ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट’ लागतं. ही दुसरी रचना एसक्यूलाइटलाही ३.२४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, समजते. तेव्हा पोस्टग्रेसचं नावही न काढता, आजच्या एसक्यूलाइटवरच, सगळे ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ बदलता येतात. हा झाला स्वतंत्र पीआर, पन्नास-साठ ओळींचा.

या पन्नास ओळींत किती धोका आहे ते पाहा. ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ जुनी ओळ आधी पुसतं आणि नवी घालतं. ज्या कॉलमचा उल्लेख नाही त्यांच्या जागी डिफॉल्ट किमती येतात. फॉरेन की (टेबलांमधले दुवे) चालू असतील आणि कॅस्केड लावलेलं असेल तर त्या ओळीवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या टेबलातल्या ओळीही जातात. ‘डू अपडेट’मध्ये यातलं काहीच होत नाही, उल्लेख नसलेले कॉलम जसेच्या तसे राहतात. म्हणजे हा बदल दिसायला वाक्यरचनेचा, पण वागणूक बदलणारा. कुणीतरी जुन्या वागणुकीवर विसंबून कोड लिहिलेला असू शकतो. चार हजार ओळींत हे कुणाच्या डोळ्यांना दिसलं नसतं, पन्नास ओळींच्या पीआरमध्ये तो एकच प्रश्न समोर उभा राहतो. पोस्टग्रेसला ‘डू अपडेट’बरोबर कुठल्या युनिक कॉलमवर टक्कर होते तेही सांगावं लागतं, म्हणून प्रत्येक टेबलावर तसा निर्बंध खरोखर आहे का, हेही इथेच तपासून होतं.

याच धर्तीवर तुमचा आराखडा साधारण असा होईल. पहिल्या पीआरमध्ये फक्त टेस्ट, आजची वागणूक पकडून ठेवणाऱ्या. एसक्यूलाइटचं ‘लाइक’ रोमन अक्षरांचा लहान-मोठा भेद बघत नाही, पोस्टग्रेसचं बघतं. एसक्यूलाइट पूर्णांकाच्या कॉलममध्ये मजकूर घालू देतं, पोस्टग्रेस तिथेच अडवतं. ‘ऑर्डर बाय’ न लावता एसक्यूलाइटमधून ओळी बहुधा घातल्या त्याच क्रमाने येतात आणि लोक तो क्रम गृहीत धरतात. या प्रत्येकावर एक-एक टेस्ट आधी मुख्य शाखेत गेली की पुढचा सगळा रिव्ह्यू सोपा होतो. दुसरा पीआर वर सांगितलेला ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’चा. तिसऱ्यात ६० फाइलींत विखुरलेल्या क्वेरी एका मॉड्यूलमध्ये हलवायच्या, बाकी एक अक्षर बदलायचं नाही. चौथ्यात त्या मॉड्यूलच्या मागे इंटरफेस, ज्याची अंमलबजावणी अजून एकच. पाचव्यात पोस्टग्रेस स्वतः, ‘प्रायोगिक’ अशी खूण करून आणि डिफॉल्टने बंद. जुन्या डेटाचं स्थलांतर करणारं साधन आत्ता घेऊच नका, ते पुढच्या रिलीजला.

पाचव्या पीआरमध्ये रिव्ह्यूची सगळी ताकद एका जागी लावा: एरर पकडून पुढे चालू राहणारा कोड. एसक्यूलाइटमध्ये एखादी ‘इन्सर्ट’ युनिक निर्बंधावर आपटली तर अपवाद पकडायचा आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुढची क्वेरी चालवायची, हे चालून जातं. पोस्टग्रेसमध्ये एक क्वेरी फसली की अख्खी ट्रान्झॅक्शन रद्द अवस्थेत जाते आणि रोलबॅक होईपर्यंत पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. उपाय सेव्हपॉइंटचा, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये मधेच परतता येईल अशा खुणेचा, आहे, पण तो प्रत्येक ठिकाणी विचार करून घालावा लागतो. नवख्याच्या कोडमध्ये ही चूक जवळजवळ नक्की सापडते, कारण त्याच्या टेस्ट बहुधा सरळ वाटेवरच्या असतात.

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातलं प्रत्यक्ष तोडण्याचं तंत्र त्याला लिहून द्या. यात अडून लोक काम सोडतात, आणि ते मागायला संकोचतात. आधी त्याची शाखा ताज्या मेनवर (मुख्य शाखेवर) रिबेस करून, म्हणजे तिचे बदल तिथून पुढे मांडून, घ्यायची आणि तिची ‘जुनं-सगळं’ अशा नावाची एक प्रत काढून ठेवायची, म्हणजे काहीही बिघडलं तरी काम हरवत नाही. मग नवी शाखा काढून ‘गिट रीसेट’ -एन पर्यायासह मेनवर चालवायचं. आता सगळे बदल फाइलींमध्ये आहेत, पण कमिट एकही नाही. -एन विसरू देऊ नका. तो नसेल तर नव्या फाइली गिटच्या हिशेबाबाहेर जातात आणि पुढच्या पायरीत दिसतच नाहीत. पुढची पायरी ‘गिट ॲड -पी’. गिट एक-एक तुकडा दाखवतं: ‘वाय’ म्हणजे घे, ‘एन’ म्हणजे नको, ‘एस’ म्हणजे आणखी फोड, ‘ई’ म्हणजे हाताने संपादन करतो. एका विषयाचे तुकडे जमले की कमिट.

इथे हमखास एक फसगत होते. तो टेस्ट चालवतो आणि सगळ्या हिरव्या येतात, पण त्या फाइलींमधल्या संपूर्ण बदलांवर चाललेल्या असतात, नुकत्याच केलेल्या कमिटवर नाही. पहिल्या कमिटमध्ये वापरलेलं फंक्शन प्रत्यक्षात चौथ्या कमिटमध्ये येत असतं आणि कुणाला पत्ता नसतो. म्हणून सगळे कमिट झाल्यावर ‘गिट रिबेस’ -एक्झेक पर्यायासह चालवायला सांगा आणि त्याला टेस्टची कमांड द्यायला सांगा. गिट प्रत्येक कमिटवर थांबून टेस्ट चालवतं आणि जिथे मोडतं तिथेच उभं राहतं. प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे चालला पाहिजे हा आग्रह ‘गिट बायसेक्ट’साठी, म्हणजे बग कुठल्या कमिटने आणला ते शोधणाऱ्या कमांडसाठी, आहे. सहा महिन्यांनी बग शोधताना मधला एखादा कमिट बिल्डच होत नसेल तर बायसेक्ट तिथे आंधळं होतं.

शेवटी नव्या शाखेची तुलना ‘जुनं-सगळं’शी करायची. फरक रिकामा आला तर काहीही सुटलं नाही. वरच्या आराखड्यात नव्या टेस्ट आणि एसक्यूलाइटमधले बदल आधी येतात, त्यामुळे थोडा फरक राहील. तो ओळ-ओळ समजावता आला म्हणजे झालं.

फाइलींची नावं बदलणं आणि त्यांतला मजकूर बदलणं एकाच कमिटमध्ये नको. नाव बदललं याची नोंद गिट कुठेही ठेवत नाही. दोन फाइलींमधलं साम्य पाहून तसा अंदाज करतं आणि डिफॉल्ट उंबरठा ५० टक्के आहे. साम्य त्याखाली गेलं की रिव्ह्यूत एक फाइल पूर्ण पुसलेली आणि एक पूर्ण नवी दिसते, आणि नेमकं काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. फॉरमॅटिंगचंही तसंच. नवख्याच्या एडिटरने फाइल सेव्ह करताना सगळ्या कोट्स आणि मोकळ्या जागा बदलल्या असतील, तर त्या ४,२०० मधल्या बऱ्याच ओळी तिथूनच आल्या असतील. ते आधी काढून टाका. फॉरमॅटिंग हवंच असेल तर वेगळा पीआर करा आणि कमिट संदेशात नेमकी कमांड आणि साधनाची आवृत्ती लिहायला सांगा. ती कमांड तुम्ही तुमच्याकडे चालवायची आणि निकाल तंतोतंत जुळला की मर्ज, ओळी वाचायची गरज नाही. कर्नलमध्ये कॉक्सिनेल या आपोआप कोड बदलणाऱ्या साधनाच्या साह्याने केलेले शेकडो फाइलींमधले बदल असेच तपासता येतात. मर्ज झाल्यावर त्या कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) ‘गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज’ या फाइलीत घाला, नाहीतर कुठली ओळ कुणी बदलली ते सांगणारं ‘गिट ब्लेम’ प्रत्येक ओळीवर त्या बिचाऱ्या विद्यार्थ्याचं नाव दाखवत राहील. स्क्वॉश मर्जमध्ये (सगळे कमिट एकात गुंडाळून मर्ज करण्यात) हॅश बदलतो, म्हणून ही नोंद मर्जनंतरच करायची.

गिटहबवर काम असेल तर आणखी काही अडचणी नवख्याच्या बाजूला असतात, त्या मेंटेनरला सहसा दिसत नाहीत. एकावर एक रचलेले पीआर करायला मधली शाखा मूळ रिपॉझिटरीत असावी लागते. लिहिण्याची परवानगी नसलेला माणूस फोर्कवरून (रिपॉझिटरीच्या स्वतःच्या प्रतीवरून) हे करू शकत नाही, त्याच्या दुसऱ्या पीआरमध्ये पहिल्याचेही सगळे बदल दिसतात. मग दोन मार्ग उरतात: एक मर्ज झाल्यावर पुढचा उघडायचा, किंवा एकाच पीआरमध्ये स्वच्छ कमिट ठेवून कमिटवार रिव्ह्यू करायचा. नवख्यासाठी पहिला मार्ग बरा, कारण दर मर्जला त्याला काहीतरी पूर्ण झाल्याचं दिसतं. मात्र तुम्ही स्क्वॉश मर्ज करत असाल तर त्याच्या पुढच्या शाखेत जुने, आता मेनमध्ये दुसऱ्या रूपात असलेले कमिट शिल्लक राहतात आणि रिबेस करताना अर्थहीन कॉन्फ्लिक्ट येतात. ‘गिट रिबेस’ -ऑन्टू मेन, मग जुन्या पायाचं नाव, मग शाखेचं नाव, एवढ्याने ते सुटतं. ही ओळ त्याच्यासाठी तयार करून पीआरमध्येच चिकटवा. अशा कॉन्फ्लिक्टमध्ये हरवलेला नवखा दुसऱ्या दिवशी ‘पीआर बंद करतो’ म्हणतो.

पहिल्यांदा पीआर पाठवणाऱ्याच्या सीआयला (आपोआप चालणाऱ्या टेस्टना) बहुतेक रिपॉझिटरींमध्ये मेंटेनरची मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत एकही टेस्ट चालत नाही आणि तो वाट बघत बसतो. पीआर आला त्याच दिवशी मंजुरी द्या, फक्त आधी वर्कफ्लोच्या (सीआय काय चालवतो ते ठरवणाऱ्या) फाइलींमध्ये काही बदललंय का ते पाहून घ्या. फोर्कवरून चालणाऱ्या टेस्टला रिपॉझिटरीतली गुपितं (पासवर्ड वगैरे) मिळत नाहीत, म्हणून पोस्टग्रेसची टेस्ट बाहेरच्या सर्व्हरवर बेतू नका. सीआयमध्येच कंटेनर उभा करा, त्याला कुठलंही गुपित लागत नाही.

रिव्ह्यू कसा लिहायचा यावर खूप काही अवलंबून आहे. पहिल्या फेरीत रचनेबद्दलचे तीनच मुद्दे लिहा, जास्त नाही. नावं, मोकळ्या जागा, टिप्पण्यांची भाषा यांना हात लावू नका. ज्या फंक्शनचं नाव तुम्ही आज सुधारायला लावाल ते कदाचित पुढच्या फेरीत उडणारच आहे. साठ टिप्पण्या एकदम आल्या की नवखा सोप्या पन्नास आधी दुरुस्त करतो आणि कठीण दहा तशाच राहतात, मग तुम्हाला वाटतं त्याने लक्ष दिलं नाही. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘याशिवाय मर्ज नाही’ किंवा ‘जमलं तर’ असं लिहा. जी गोष्ट लिंटर (कोडची शैली आपोआप तपासणारं साधन) सांगू शकतो ती माणसाने सांगू नये. रिव्ह्यू चालू असताना त्याने जुने कमिट पुन्हा लिहून फोर्स पुश केले (जुन्यांच्या जागी जबरीने चढवले) तर तुमच्या टिप्पण्यांचा धागा तुटतो, म्हणून दुरुस्त्या वेगळ्या ‘फिक्सअप’ कमिट म्हणून मागवा आणि मान्यता दिल्यावर शेवटी ‘ऑटोस्क्वॉश’ने त्या मूळ कमिटमध्ये मिसळायला सांगा. फोर्स पुश झालाच असेल तर ‘गिट रेंज-डिफ’ने दोन फेऱ्यांमधला नेमका फरक पाहता येतो.

पीआरचं वर्णन त्याला स्वतःला लिहू द्या. आपल्याकडच्या कॉलेजांतली मुलं इंग्रजीच्या धास्तीने तिथे दोन ओळी टाकून मोकळी होतात, आणि मग ज्या निर्णयामागे त्यांनी आठवडाभर डोकं लावलं त्याचा मागमूसही कुठे राहत नाही. चार गोष्टी मागा: अडचण काय, कुठले पर्याय पाहिले आणि का सोडले, कसं तपासलं, आणि यात काय केलेलं नाही. वाक्यं मोडकी असली तरी चालतील, व्याकरण तुम्ही सुधारू शकता. कारणं मात्र त्याच्याकडूनच यायला हवीत.

वेळेचं भान दोन्ही बाजूंनी लागतं. आठवडाभरात उत्तर देणं जमणार नसेल तर तसं आधीच लिहा: ‘या महिन्यात रिलीज आहे, १५ तारखेनंतर पाहतो.’ कर्नलमध्ये पुन्हा विचारण्याआधी किमान आठवडा थांबावं असा दंडक आहे, एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पातही आठवड्याने आठवण करणं रीतसर मानतात. तुमच्या प्रकल्पाचा असा आकडा असेल तर तो त्याला कळू द्या, कारण आठवण करणं उद्धटपणा ठरेल या भीतीने नवखे महिनोन्‌महिने गप्प राहतात. रिलीजच्या तोंडावर मोठा बदल घेऊ नका. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या विकासात जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असे कमिटफेस्ट (पॅच तपासण्याच्या फेऱ्या) असतात. मोठा, गुंतागुंतीचा पॅच पहिल्यांदाच शेवटच्या, मार्चच्या फेरीत आणणं तिथे नापसंत केलं जातं. तिथे पॅच देणाऱ्याने तेवढ्याच तोलाचा दुसऱ्याचा पॅच तपासावा अशीही अपेक्षा असते. हा नियम लहान प्रकल्पांनीही उचलावा. तुमच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कुणाचा शंभर ओळींचा पीआर तपासायला द्या. रिव्ह्यू करणाऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्यातून त्याला जितकं लवकर कळतं, तितकं सूचनांनी कळत नाही.

हे काम गूगल समर ऑफ कोड या नवख्यांसाठीच्या ठरावीक मुदतीच्या उपक्रमातलं असेल तर पाचही पीआर शेवटच्या आठवड्यात येतील असं होऊ देऊ नका. पहिला, टेस्टचा पीआर दुसऱ्या आठवड्याच्या आत मर्ज झाला पाहिजे, हे वेळापत्रकातच लिहा.

आणि तो परत आलाच नाही तर? तीन आठवडे झालेच आहेत. आज आराखड्यासह संदेश पाठवा, आणखी दोन आठवडे थांबा. मग विचारा, ‘पुढचं आम्ही केलं तर चालेल का?’ परवाना मुक्त असल्याने कायद्याने विचारायची गरज नसते, पण माणूस म्हणून असते. काम पुढे नेताना त्याचे कमिट त्याच्याच नावाने ठेवा. तुम्ही खूप बदललं असेल तर कमिटच्या शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ ओळीत त्याचं नाव आणि त्याने कमिटमध्ये वापरलेलाच ईमेल पत्ता घाला. पत्ता चुकला तर गिटहब ते योगदान त्याच्या खात्याशी जोडत नाही. रिलीज नोट्समध्येही नाव द्या. तो परत आला आणि पाचवा पीआर मर्ज झाला, तर ‘कोडओनर्स’ या, कुठला भाग कोण सांभाळतो ते सांगणाऱ्या, फाइलीत पोस्टग्रेसच्या फोल्डरसमोर त्याचं नाव घालायचा विचार करा. त्यासाठी त्याला रिपॉझिटरीत लिहिण्याची परवानगी द्यावी लागेल, नुसत्या नावाला गिटहब जुमानत नाही.